आयटीआयचा फॉर्म नववीतच सुरू होतो

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या तीन बायकांनी मला एकच प्रश्न विचारला, "तुमच्या पोरीचा वीजतंत्रीला नंबर कसा लागला वो?" वीजतंत्री म्हणजे आयटीआयमधला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड, म्हणजे अभ्यासक्रम. एकीला रस्त्यात सांगितलं, एकीला गिरणीत, तिसरीला फोनवर, आणि प्रत्येक वेळी काहीतरी सांगायचं राहिलंच, म्हणून म्हटलं सगळं एकदा लिहूनच टाकते. ज्यांची पोरं आत्ता आठवी-नववी-दहावीत आहेत त्यांच्यासाठी लिहितेय. लांबलंय जरा, पण वाचा.

आधी आमच्या घराबद्दल थोडं. आम्ही पलूस तालुक्यातले. सासरे, त्यांना आम्ही सगळे आण्णा म्हणतो, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात कातारी होते, म्हणजे टर्नर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभा केला, जागा औंधच्या राजांनी दिली, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, आणि या भागात घराघरात कुणी ना कुणी लेथवर, मोल्डिंगला नाहीतर पॅटर्न शॉपला राबलेलं आहे. आण्णांच्या हातात अजून कुठलाही लोखंडी तुकडा द्या, बोटानं चाचपून सांगतात किती सूत आहे ते. मी स्वतः शिवणकाम करते, ब्लाऊज, ड्रेस, शाळेचे युनिफॉर्म. ह्यांची गाडी आहे भाड्याची. सांगायचा मुद्दा हा की आमच्या घरात हाताच्या कामाला कमी कुणीच समजत नव्हतं, तरीपण मोठ्याच्या वेळी आम्ही फसलो, कारण काम माहीत होतं पण फॉर्म माहीत नव्हता.

मोठा २०२२ ला दहावी झाला. त्याला लहानपणापासून गाड्यांचं वेड, ह्यांच्या टेम्पोचं बॉनेट उघडलं की हा आधी हजर. त्याला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड पाहिजे होता, आयटीआयमध्ये त्याला मेकॅनिक मोटार व्हेईकल म्हणतात. निकाल लागला, पेढे वाटले, मामाकडं चार दिवस जाऊन आला, मग कुणीतरी म्हणालं अरे आयटीआयचे फॉर्म सुटलेत, मग पळत पळत एका नेट कॅफेत. तिथं ही गर्दी. त्या माणसानं मार्कलिस्ट घेतली, आधार घेतलं, म्हणाला सगळं करतो, तुम्ही संध्याकाळी प्रिंट न्यायला या. आणि आम्ही विश्वासानं घरी आलो. हे असं आम्ही दोघा नवराबायकोंनी केलं, अजून आठवलं की मला वाईट वाटतं.

त्यानं काय केलं तर फॉर्मला मोबाईल नंबर स्वतःचा टाकला. का, तर ओटीपी त्याला सारखा सारखा विचारायला लागू नये म्हणून. त्यामुळं नंतर जे मेसेज यायचे, यादी लागली, फेरी सुरू झाली, अमुक तारखेच्या आत हजर व्हा, ते सगळे त्याच्या फोनवर. आणि त्याच्या फोनवर असे दोनशे पोरांचे मेसेज. दुसरं म्हणजे विकल्प. हा शब्द सगळ्यांनी नीट लक्षात ठेवा. आयटीआयच्या अर्जात दोन टप्पे असतात, आधी स्वतःची माहिती आणि फी भरून अर्ज पक्का करायचा, आणि मग कुठल्या आयटीआयला कुठला ट्रेड पाहिजे ते पसंतीच्या क्रमानं भरायचं, त्याला विकल्प आणि प्राधान्य म्हणतात, शंभरपर्यंत भरता येतात. आमच्या पोराचे विकल्प त्या माणसानं स्वतःच्या मनानं भरले. जवळची आयटीआय दिसली, मार्क बघितले, यात नक्की लागेल असा ट्रेड पहिल्या नंबरला टाकला, नळ कारागीर. मोटार मेकॅनिक चौथ्या नंबरला.

आता नियम असा आहे की पहिल्या फेरीत तुम्हाला पहिल्या नंबरचाच विकल्प मिळाला तर तो घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांमधून नाव बाद. नियम चुकीचा नाहीये, तुम्हीच लिहून दिलंय ना की मला हे सगळ्यात जास्त पाहिजे, मग मिळाल्यावर नको म्हणायचं कसं. पण ते आमच्या पोरानं लिहिलंच नव्हतं. पहिल्या फेरीत नळ कारागीर लागला, पोरगं रडायला लागलं, म्हणाला मला हे नकोय, आम्ही म्हटलं थांब पुढच्या फेरीत बघू, आम्हाला काय माहिती पुढची फेरीच नाही म्हणून. कळलं तेव्हा मुदत टळून गेली होती. शेवटी सगळ्या फेऱ्या झाल्यावर उरलेल्या जागांवर संस्थेत जाऊन जे भरतात त्यात त्याला संधाता मिळाला, वेल्डर, एक वर्षाचा.

पोरानं मन लावून केलं, हे मी अभिमानानं सांगते. वर्ष झालं, मग कुपवाडच्या एमआयडीसीत ॲप्रेंटिसशिप केली आणि आता तिथंच जवळ दुसऱ्या शॉपमध्ये कामाला आहे, हात चांगला बसलाय, त्याचा बीड, म्हणजे वेल्डिंगच्या जोडाची रेघ, बघून आण्णा म्हणाले, "मासळीच्या खवल्यागत आलाय." पण दोन वर्षांचा ट्रेड केला असता तर दहावी अधिक आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन घेता आली असती, ते दार एक वर्षाच्या ट्रेडला उघडत नाही. हेही आम्हाला नंतर कळलं. अजून टेम्पोचं बॉनेट उघडलं की तो बाजूला येऊन उभा राहतो, आणि माझं मला कसंतरीच होतं.

म्हणून धाकटीच्या वेळी मी ठरवलं होतं की काहीही होऊ दे, हिचा फॉर्म आपण स्वतः भरायचा, आणि तयारी निकालानंतर नाही, नववीत लागायचं.

योगायोगानं तिच्या शाळेत नववीपासून व्यवसाय विषय होता, मल्टीस्किल. आपल्याकडं बऱ्याच शाळांत आता नववी-दहावीला असे विषय आहेत, कुठं ऑटोमोबाईल, कुठं हेल्थकेअर, कुठं ब्युटी, रिटेल, शेती. आमच्या शाळेत तो हिंदीच्या जागी घेता येत होता. नववीच्या सुरुवातीला एक साधा संमतीपत्राचा कागद येतो घरी, पालकांची सही मागतात, आणि बरेच पालक न वाचता नाही म्हणतात. माझ्या ओळखीच्या एका आईनं "मशिनीत हात घालायला शाळेत घातलंय का" म्हणून परत पाठवला. मी त्या कागदावर सही केली, आणि त्या दिवसापासूनच आमचा आयटीआयचा अर्ज सुरू झाला असं मी धरते.

त्या विषयात काय असतं ते सांगते कारण बऱ्याच जणांना वाटतं नुसता टाईमपास असतो. चार भाग होते. वर्कशॉप म्हणजे लोखंड, लाकूड, थोडं वेल्डिंग. वीज म्हणजे वायरिंग, फ्यूज, इस्त्री उघडून दुरुस्त करणं. शेती म्हणजे माती परीक्षण, रोपं, कलम. आणि घर-आरोग्य म्हणजे हिमोग्लोबिन तपासणं, रक्तगट, चिक्की-लोणचं. ही पद्धत पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमातून आलीय, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो काढला, खेड्यातल्या पोरांना हातानं काम करत करत विज्ञान शिकवायचं म्हणून. मला त्यातलं सगळ्यात काय आवडलं तर प्रत्येक कामाचं कॉस्टिंग काढायला लावतात. एक्स्टेन्शन बोर्ड केला तर वायर किती, सॉकेट किती, स्क्रू किती, मजुरी किती, सगळं वहीत. धाकटी एकदा माझ्या शिवणाच्या वहीत डोकावून म्हणाली, "आई, तू दोरा आणि लाईटबिल धरतच नाहीस." तेव्हापासून मी धरते.

आणि महत्त्वाचं म्हणजे चारही गोष्टीत हात घातल्यावर तिचं तिलाच कळलं. शेतीत तिला रस नाही, वेल्डिंगच्या धुरानं डोळे चुरचुरतात, पण वायरिंगचा तास असला की ती डबा खायची विसरायची. हे नववीत कळलं. दहावीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी पोराला तुला काय व्हायचंय विचारलं तर ते काय सांगणार, त्यानं कधी हातात पक्कड धरलीच नसेल तर?

नववीत असतानाच दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आण्णा म्हणाले चला आयटीआयला, त्या दिवशी मशिनींची पूजा असते, बघायला कुणी नाही म्हणत नाही. आण्णा, मी आणि धाकटी तिघं गेलो. लेथला झेंडूच्या माळा, व्हाईसवर हळदकुंकू, फायली आणि हातोडे ओळीनं मांडलेले. आण्णांनी एका लेथच्या बेडवर हात ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले, मी काही बोलले नाही.

वीजतंत्रीच्या वर्कशॉपमध्ये एक निदेशक सर होते. आयटीआयमध्ये शिकवणाऱ्यांना निदेशक म्हणतात. त्यांनी धाकटीला सगळं फिरून दाखवलं. भिंतीवर लाकडी बोर्ड, त्यावर जिन्याचं वायरिंग, म्हणजे खाली एक बटण वर एक बटण आणि कुठूनही दिवा चालूबंद. एका टेबलावर पोरांनी केलेले वायरचे जोड, ब्रिटानिया जॉइंट, मॅरिड जॉइंट, टी जॉइंट, पहिले काही दिवस हेच करायचं असतं म्हणाले, जोड घट्ट नसला की पुढं सगळं गरम होतं. एका कोपऱ्यात मोटारी उघडलेल्या, तांब्याची तार भरायला. सरांनी तिला विचारलं, "भीती वाटती का विजेची?" ती म्हणाली, "वाटती, म्हणून मी आधी टेस्टर लावते." सर म्हणाले ये मग, पण मार्क आण, कारण वीजतंत्रीला गर्दी सगळ्यात जास्त असते. आणि त्यांनी आम्हाला गेल्या वर्षीची यादी दाखवली, कुठल्या प्रवर्गात कितीपर्यंत नंबर लागला ती. तिनं तो आकडा पेनानं हातावर लिहून घेतला, घरी येऊन अभ्यासाच्या टेबलावर चिकटवला. एका तुकडीत वीस जागा असतात, मुलींना तीस टक्के राखीव, हेही तिथंच कळलं. वर्कशॉप बघायला एक पैसा लागत नाही, गेटवर सांगायचं दहावीनंतर ॲडमिशन घ्यायचीय, बघायचंय. मोठ्याच्या वेळी आम्ही हे का केलं नाही.

एक मात्र मला बोलायचंच आहे. धाकटीच्या ओळखीतल्या एका मोठ्या माणसानं, नाव नाही घेत, तिच्या तोंडावर विचारलं, "एवढे मार्क पडत असताना आयटीआय कशाला, ते कमी मार्कवाल्यांचं असतं." ती दोन दिवस गप्प होती. मला फार राग आला. अहो, गावातली लाईट गेली की तुम्ही ज्याला फोन लावता तो कोण असतो? महावितरणची विद्युत सहायकाची भरती निघते तिला वीजतंत्री नाहीतर तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, आयटीआय लागतो, रेल्वेत लागतो, साखर कारखान्यात लागतो, सोलरवाल्यांना लागतो. आणि शिकायची दारं बंद होत नाहीत, वर सांगितलं तसं डिप्लोमाला जाता येतं, शिवाय दोन वर्षांचा आयटीआय करून बोर्डाची भाषा विषयांची परीक्षा दिली की बारावीची समकक्षताही मिळते, मग पदवीचा रस्ता मोकळा. हे सगळं शाळेत सांगायला पाहिजे, नववीतच, वर्गात उभं राहून. सगळी पोरं अकरावी सायन्सच्या रांगेत उभी करायची आणि जे गळतील त्यांना आयटीआय दाखवायची, हे मला पटत नाही.

आता कागद. यात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि याच्यासाठीच मी म्हणते नववीत लागा.

आम्ही ओबीसीत येतो. जातीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. एससीला १० ऑगस्ट १९५०, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, भटक्या विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, अशा वेगवेगळ्या तारखा आहेत. म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला, नाहीतर पणजोबांचा जन्मनोंदीचा उतारा, असं काहीतरी शोधून काढायचं. आण्णांची मराठी शाळा दुसऱ्या गावात, जुनी रजिस्टरं गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवलेली. तिथल्या गुरुजींनी बिचाऱ्यांनी दोन शनिवार घालवले तेव्हा १९५६ सालची नोंद सापडली, शाईनं लिहिलेली, आण्णांचं नाव, आणि जातीच्या रकान्यात जात. आण्णांनी ते पान बघितलं आणि आपल्या वडलांच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. हे काम निकालानंतरच्या आठ-पंधरा दिवसांत होणारं आहे का तुम्हीच सांगा. मोठ्याच्या वेळी दाखलाच हातात नव्हता, त्यामुळं तो खुल्या प्रवर्गातून गेला होता, तेही एक कारण होतंच.

जातीचा दाखला एकदा निघाला की कायमचा. नॉन-क्रिमीलेयरचं मात्र वेगळं. त्याला मुदत असते आणि ती ३१ मार्चला संपते. त्यामुळं घाईघाईनं नववीत नाहीतर दहावीच्या डिसेंबरात काढून ठेवला आणि मुदत त्याच मार्चपर्यंतची आली तर जूनमध्ये काही उपयोग नाही. आम्ही दहावीचा शेवटचा पेपर झाल्यावर, एप्रिल लागल्या लागल्या, तलाठ्यांकडून उत्पन्नाचे तीन वर्षांचे कागद घेऊन सेतूत अर्ज टाकला. निकाल लागायच्या आत दाखला घरात. दहावी सुटल्यावर सगळे फिरायला जातात, तुम्ही आधी सेतूत जा मग फिरायला जा.

तिसरी गोष्ट नाव. आधारवर धाकटीचं नाव वेगळं, शाळेत वेगळं, एका अक्षराचा फरक, आणि ह्यांचं नाव तर आधारवर नुसतं आडनाव आधी लावून. शाळेच्या रजिस्टरमधली दुरुस्ती दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी करावी लागते, नंतर फार अवघड होतं. नववीतच एकदा जनरल रजिस्टरमधली नोंद आणि आधार समोरासमोर ठेवून वाचा, जन्मतारीखसुद्धा. बँकेचं खातं पोराच्या नावचं, आधार जोडलेलं, हेही त्याच वेळी करून घ्या, स्कॉलरशिपला लागतं.

आणि शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे एलसी. मूळ प्रत एकच असते आणि जिथं ॲडमिशन घ्याल तिथं जमा होते. बरेच जण एकाच वेळी अकरावीलाही अर्ज करतात, पॉलिटेक्निकलाही, आयटीआयलाही, करावाच, तिन्ही दारं ठोठवावीत, पण मूळ एलसी अकरावीला जमा करून बसलात आणि मग आयटीआयची यादी लागली की ती परत मिळवायला धावाधाव होते. हातात आली की आधी पाच-सहा झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये फोटो.

मग निकाल लागला. धाकटीला पंच्याऐंशीच्या जरा खाली पडले. त्याच दिवशी फॉर्म नाही भरला, कारण हे काही आधी येईल त्याला आधी असं नसतं, मुदतीत भरलेले सगळे अर्ज सारखेच, यादी मार्कांवर लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी नसताना मोठ्याच्या मोबाईलवरून आणि शेजारच्या लॅपटॉपवरून स्वतः भरला. मोबाईल नंबर माझा, पासवर्ड माझ्या शिवणाच्या वहीच्या शेवटच्या पानावर. फी आमच्या प्रवर्गाला शंभर रुपये होती. प्राथमिक यादी लागते तेव्हा आपलं नाव, मार्क, प्रवर्ग सगळं बरोबर आलंय का ते बघायचं, चूक असेल तर हरकत घ्यायला एक-दोन दिवस देतात, ते दिवस गेले की गेले. आमचं बरोबर होतं, तरी मी तीनदा बघितलं.

विकल्प भरायला आम्ही दोन संध्याकाळ घेतल्या. आधी साध्या कागदावर. मोठा, धाकटी, आण्णा, मी, हे सुद्धा गाडी लावून आले. मोठ्यानं एकच सांगितलं, "पहिल्या नंबरला तेच टाक जे मिळालं तर तू उड्या मारशील. यात लागेल का त्यात लागेल हा विचार करू नको. मशीन वरून खाली बघत जाते, वरचं नाही मिळालं तर खालचं देते, वर लिहिल्यामुळं खालचं जात नाही." कुणी शिकवलं नव्हतं त्याला, सोसून कळलेलं होतं. पहिल्या नंबरला तालुक्याची आयटीआय, वीजतंत्री. दुसऱ्याला सांगली, वीजतंत्री. मग एसटीनं रोज जाऊन येता येईल अशा बाकीच्या सरकारी आयटीआयमधला तोच ट्रेड. मग तारतंत्री, मग इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, मग फ्रिज-एसीचा ट्रेड. एकोणीस झाले. ह्यांनी एसटीचं वेळापत्रक शेजारी ठेवलं होतं, ज्या आयटीआयला सकाळी वेळेत पोचणारी गाडी नाही ती यादीतून काढली. हे कुणाला सुचत नाही पण दोन वर्षं रोज जायचं असतं, आणि हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसता येत नाही. खासगी आयटीआय आम्ही टाकल्या नाहीत, फी झेपणारी नव्हती, पण ज्यांना टाकायच्यात त्यांनी आधी जाऊन वर्कशॉप बघावं, यंत्रं खरंच चालू आहेत का ते बघावं.

पहिल्या फेरीत काहीच लागलं नाही. घरात शांतता. धाकटी म्हणाली, "आई, मी चुकले का वर टाकून?" मी म्हटलं नाही, थांबायचं. रात्रभर मला झोप नाही, मनात नको ते विचार, खाली आणखी सोपे ट्रेड टाकायला पाहिजे होते का. दुसऱ्या फेरीत दुपारी माझ्या फोनवर मेसेज आला, मी एका परकरपोलक्याला गोट लावत होते, सुई तशीच कापडात. सांगली, वीजतंत्री, दुसऱ्या नंबरचा विकल्प. मी धाकटीला हाक मारली तर ती आंघोळीला गेलेली, मग दाराबाहेरूनच सांगितलं.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. तुकडीत तिच्यासकट पाच मुली. निळा ॲप्रन, सेफ्टी शूज, पिशवीत पक्कड, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर, सकाळच्या एसटीनं जाते. पहिल्या वर्षी बोटांना तारेनं चिरा पडायच्या, रात्री मी तूप लावायची. आता मोटार वाईंडिंग चाललंय. गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या विहिरीवरची मोटार जळाली तेव्हा तिनं सरांना विचारून, आण्णांना शेजारी बसवून, जुनी तार काढली, वेढे मोजले, वहीत लिहिले. भरली मात्र दुकानदारानंच, तिला अजून परवानगी नाही एकटीनं करायची आणि ते बरोबरच आहे. पण वेढ्यांचा आकडा तिचा आणि दुकानदाराचा एकच आला.

आणखी दोन-तीन गोष्टी, विचारलं होतं म्हणून. दहावीत एखादा विषय राहिला तरी काही ट्रेड मिळतात, वेल्डर, प्लंबर, सुतारकाम, शिवणकाम, तारतंत्री हे आठवी पासवर असतात, त्यामुळं नापास झालं म्हणून पोराला घरी बसवू नका, पण म्हणून आठवीनंतर शाळाही सोडायला लावू नका, दहावी झालेली कधीही बरी. वयाची अट कमीत कमी चौदा पूर्ण, वरती नाही. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळं मी सांगितलंय तेवढ्यावर न थांबता त्या वर्षीची माहितीपुस्तिका व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या साईटवरून उतरवून घ्या, मराठीत असते, मोठी असते, पण नियमांची पानं बसून वाचा, पोराला मोठ्यानं वाचायला लावा.

ज्या बाईनं गिरणीत विचारलं तिची मुलगी यंदा नववीत गेलीय, मल्टीस्किलच्या कागदावर सही करू का नको अशा विचारात होती, तिनं परवा केली. रविवारी मायलेकी आमच्याकडं येणार आहेत आधार आणि शाळेचा उतारा घेऊन. आजोबांची शाळा तासगाव बाजूला आहे म्हणाली, दाखला अजून काढलेला नाही. आण्णा म्हणतायत मी पण येतो बरोबर, जुनी रजिस्टरं कशी बघायची ते मला आता माहितीय.